हिमालयाच्या वाटेची शिदोरी

आपल्या न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी काही उपयुक्त लिहावे, अशी सूचना विश्वस्तांकडून आली, तेव्हा विषयासाठी आम्हांला फार लांब जावे लागले नाही. पेडणे आणि डिचोली या दोन्ही महालांतील आपल्या सभासद कुटुंबांतून कोणी ना कोणी अमरनाथाला, केदारनाथाला किंवा कैलास-मानसरोवराला जाण्याचा संकल्प करीत असते. काही तरुण यात्रेसाठी नव्हे, तर केवळ डोंगर चढण्याच्या हौसेने उत्तरेकडे जातात. निघण्यापूर्वी यांपैकी पुष्कळजण आमच्याकडे येतात आणि सर्वांचा प्रश्न एकच असतो : "बरोबर काय काय घ्यावे?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकदा चुकून, आणि त्या चुकीची किंमत देऊन शिकलो. तेच येथे जुळवून मांडीत आहोत.

वारकऱ्याची पडशी

सामान बांधण्याची विद्या आपल्याला अगदीच परकी आहे असे नाही. आषाढीच्या आधी गोमंतकातून पंढरपूरच्या वाटेला लागणाऱ्या दिंड्या आपण पाहतो. साखळीजवळ कारापूरच्या विठ्ठलापुरात विठोबाचे मंदिर आहेच. पण चंद्रभागेची ओढ निराळी. घाट चढून जाणारा वारकरी बरोबर काय नेतो? खांद्याला पडशी, अंगावर घोंगडी, एक जादा धोतर, टाळ आणि पाण्याचे भांडे. त्याला कोणी यादी करून दिलेली नसते. जे रोज लागते तेवढेच घ्यायचे आणि जे घेतले ते स्वतः वाहायचे, हा नियम पिढ्यांच्या चालण्यातून आलेला आहे.

हा नियम हिमालयातही खरा आहे. मात्र तेथे त्याला दुसरा जोडावा लागतो, कारण पंढरीच्या वाटेवर घोंगडी विसरली तर रात्र अवघड जाते, पण चार हजार मीटरांवर ती विसरली तर जिवावर बेतू शकते.

उंचीचा हिशेब

आम्ही समुद्रकाठची माणसे. मोरजी, मांद्रे, हरमल ही गावे तर लाटांच्या पायथ्याशीच वसलेली. सबंध गोमंतकातील सर्वांत उंच जागा म्हणजे सत्तरीतील सोंसोगड, आणि तोही हजार मीटरांहून थोडासाच अधिक. उलट अमरनाथची गुहा सुमारे ३,८८८ मीटरांवर, पहलगामच्या वाटेवरील महागुणसची खिंड सुमारे ४,२७६ मीटरांवर आणि केदारनाथ सुमारे ३,५८३ मीटरांवर आहे. कैलासाच्या परिक्रमेतील डोल्मा खिंड साडेपाच हजार मीटरांच्याही वर जाते.

या आकड्यांचा अर्थ असा. दर हजार मीटर चढलो की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे समुद्रसपाटीहून चार हजार मीटरांवर गेल्यास सुमारे २६ अंशांचा फरक पडतो. वारा आणि पाऊस यांचा गारठा त्याशिवाय. आमच्याकडे पौषाच्या पहाटेही पारा क्वचितच पंधरा अंशांखाली उतरतो. त्यामुळे थंडी म्हणजे काय, याची आमची कल्पनाच मुळी अपुरी असते.

दुसरी गोष्ट हवेच्या दाबाची. हवेतील प्राणवायूचे प्रमाण वर गेल्याने बदलत नाही; ते शेकडा २१ च्या आसपासच राहते. परंतु हवा विरळ झाल्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू घटतो. साडेपाच हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा उरतो. शरीर हळूहळू या बदलाला सरावते. पण त्याला दिवस लागतात.

दिवस लागतात, याच मुद्द्याला हल्ली महत्त्व आले आहे. १९६१ साली गोवा मुक्त होण्यापूर्वी आमच्या आजोबांना सीमा ओलांडायचीच तर परवान्याची यातायात पडे. कोणी उत्तरेकडे गेलाच तर तो आठवडेच्या आठवडे प्रवासात असे. सावंतवाडी भागातील कालेली गावाचे नाव लावणारे काकासाहेब कालेलकर १९१२ साली हिमालयात पायी फिरले. पायी चालणाऱ्याचे शरीर डोंगराबरोबरच चढत जाते. आता कोकण रेल्वे १९९८ पासून दारातून धावते, आणि पेडण्यातील मोपाच्या सड्यावरील विमानतळ २०२३ च्या जानेवारीत वाहतुकीस खुला झाला. आज सकाळी घरी पेज खाल्लेला माणूस परवा शेषनागच्या तंबूत झोपलेला असू शकतो. सोय झाली खरी, पण सरावाला लागणारे दिवस या सोयीने आपल्याकडून काढून घेतले आहेत. म्हणून सामानाच्या यादीत पहिली वस्तू आम्ही लिहितो ती म्हणजे जादा दोन दिवस. त्यांना वजन नाही आणि त्यांच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही.

महागुणसवरचा दिवस

काही वर्षांपूर्वी आम्ही अकराजण अमरनाथला गेलो. सामान बांधले होते ते लग्नाला निघाल्यासारखे. उकड्या तांदळाची पिशवी, लोणच्याची बरणी, प्रत्येकाच्या चार-चार सुती कपड्यांच्या जोड्या, स्टीलचे डबे आणि एक मोठी पेटी. पहलगामला एकच रात्र काढून दुसऱ्या दिवशी चंदनवाडीवरून शेषनाग गाठले. सारे सामान घोड्यावर होते, त्यामुळे आम्ही मोकळ्या हातांनी चाललो आणि आपण फार शहाणे आहोत असे आम्हांला वाटले.

तिसऱ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडले होते. आम्ही स्वेटर, शाली, कानटोप्या, औषधाची पिशवी असे सर्व काही घोड्यावर चढवले आणि घोडेवाला पुढे पंचतरणीला निघून गेला. दोन तासांनी आभाळ भरून आले. महागुणसच्या चढावर आधी पाऊस आणि मागोमाग गारा सुरू झाल्या. आमच्यातील सर्वांत वडीलधारे, ज्यांना आम्ही सारे मामा म्हणतो, ते सुती सदरा आणि सुती पायजमा अशा वेषात होते. त्यांचे डोके आदल्या रात्रीपासून दुखत होते. "पोरांच्या यात्रेत विघ्न नको" म्हणून त्यांनी ते कोणाला सांगितले नव्हते. खिंडीच्या माथ्यावर ते अडखळू लागले. काय विचारले तर भलतेच उत्तर देऊ लागले. त्यांची बोटे निळसर पडली होती. आमच्या अकराजणांकडे मिळून एकही कोरडी लोकरीची वस्तू नव्हती, गोळी नव्हती, घोटभर गरम पाणी नव्हते. ते सारे आमच्याच पैशाने विकत घेतलेले, आमच्याच घोड्यावरून तासभर पुढे चालले होते.

एका अनोळखी यात्रेकरू बाईंनी आपल्या अंगावरची कांबळ काढून मामांना गुंडाळली. दोघांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून खिंडीच्या पलीकडे खाली आणले. पंचतरणीच्या वैद्यकीय तळावर डॉक्टरांनी प्राणवायू दिला, आणि जरा बरे वाटू लागल्यावरही स्पष्ट सांगितले की यांना आणखी वर न्यायचे नाही, खाली उतरवायचे. गुहा तेथून अवघी सहा किलोमीटर होती. मामांना डोलीतून बालटालकडे उतरवले. बरोबर जाणाऱ्या दोघांनीही दर्शन सोडले. निघताना मामा एवढेच म्हणाले, "देव आपल्या जागी आहे, तो कुठे जात नाही."

मामा आज सुखरूप आहेत, आणि सोप्यावर बसून हीच हकीकत आमच्यापेक्षा रंगवून सांगतात. पण त्या दिवशी खाली उतरवायला तास-दोन तासांचा उशीर झाला असता तर काय, हा विचार आम्हांला आजही स्वस्थ बसू देत नाही. १९९६ च्या ऑगस्टमध्ये याच वाटेवर अवेळी हिमवादळ आले आणि दोनशेहून अधिक यात्रेकरू मृत्युमुखी पडले. त्यानंतर नेमलेल्या सेनगुप्ता समितीने यात्रेकरूंची संख्या, वय आणि प्रकृती यांवर बंधने सुचवली. आज श्राइन बोर्ड आरोग्याच्या दाखल्यावाचून परवाना देत नाही, आणि वयाची मर्यादा १३ ते ७० ठेवली आहे, ती उगीच नव्हे. दाखला हा केवळ एक कागद समजून ओळखीच्या डॉक्टरांकडून न तपासता सही घेणारे लोक आम्हांला ठाऊक आहेत. त्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे की असे करू नये.

पाठीवर काय, घोड्यावर काय

त्या दिवसापासून आम्ही सामानाचे दोन भाग करतो. घोड्यावर किंवा हमालाकडे जाईल ते एक, आणि काहीही झाले तरी आपल्या पाठीवरच राहील ते दुसरे. दुसऱ्या भागात आठ वस्तू येतात : लोकरीचा किंवा तत्सम उबदार स्वेटर, पाऊस अडवणारा अंगरखा आणि पायजमा, कानटोपी व हातमोजे, पाणी, मूठभर खाणे, औषधे, डोक्याला बांधायची विजेरी, आणि ओळखपत्रासह परवाना. सकाळी ऊन असो की चांदणे, या आठ वस्तू अंगापासून दूर जाता कामा नयेत. खिशात एक शिट्टीही ठेवावी. संकटात मिनिटाभरात सहा वेळा शिट्टी वाजवणे ही डोंगरातील जुनी खूण आहे. धुक्यात हाक पोचत नाही तेथे शिट्टी पोचते.

अंगावरचे कपडे

सुती कपडा हा आमच्या हवेला देवाने दिलेला मित्र. पण थंड प्रदेशात तोच वैरी होतो. सूत घाम शोषून घेते, ओले राहते, लवकर वाळत नाही आणि अंगाची ऊब ओढून घेते. लोकर ओली झाली तरी काही ऊब टिकवते. आमच्या भागातील धनगर भर पावसात कांबळ पांघरून गुरे राखतो, त्याचे मर्म हेच.

कपडे तीन थरांत घालावेत. अंगालगतचा थर लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा, घाम बाहेर टाकणारा. मधला थर ऊब धरणारा; स्वेटर, फ्लीसचा कोट किंवा पिसे भरलेले जाकीट. सर्वांत वरचा थर वारा आणि पाऊस अडवणारा. एक जाड कोट घेण्यापेक्षा तीन पातळ थर बरे, कारण चढताना एक काढता येतो आणि थांबताच पुन्हा घालता येतो. चालताना थोडे गार वाटत असले तर ते योग्य समजावे. घामाने चिंब होऊन माथ्यावर पोचलेला माणूस पाच मिनिटांत कुडकुडू लागतो.

झोपण्यासाठी एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि कितीही मोह झाला तरी तो दिवसा घालू नये. डोळ्यांना काळा चष्मा अवश्य हवा. उंचीबरोबर सूर्याचे अतिनील किरण तीव्र होतात, आणि ताजे बर्फ त्यांतील बराच मोठा भाग परत फेकते. उघड्या डोळ्यांनी बर्फावर दिवसभर चाललेल्याला रात्री डोळे उघडणे अशक्य होते. आपली छत्री पायथ्याच्या पावसात उपयोगी आहे. खिंडीतल्या वाऱ्यात ती उलटते, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नये.

पूर्वीचे लोक कसे जात, असा प्रश्न तरुण विचारतात. १९२४ साली एव्हरेस्टवर बेपत्ता झालेल्या मॅलरीचा देह १९९९ साली सापडला. त्याच्या अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे एकावर एक थर व वरून गॅबर्डिनचा कोट होता. त्या कपड्यांच्या हुबेहूब प्रतिकृती २००६ साली एव्हरेस्टच्या परिसरात घालून पाहिल्या, तेव्हा त्या चांगल्याच उबदार निघाल्या. तात्पर्य, नवीन आणि महाग तेवढेच चांगले असे नाही. थरांचे तत्त्व पाळले म्हणजे निम्मे काम झाले.

पायांची काळजी

बूट हे एकच सामान असे आहे की ज्यात काटकसर करू नये. घोट्याला आधार देणारे, तळ खोल नक्षीचा असलेले आणि जाड मोज्यांसह घालून पाहिलेले बूट घ्यावेत. उतारावर पाय पुढे सरकतो, म्हणून बोटांपुढे थोडी जागा हवी. बूट संध्याकाळी विकत घ्यावेत. तेव्हा पाय किंचित सुजलेले असतात आणि माप खरे कळते. नवे बूट घालून यात्रेला निघणे म्हणजे फोड विकत घेणे. निदान महिना-दोन महिने ते घालून इकडे हिंडावे.

आमच्या दमट हवेसंबंधी एक गोष्ट सांगतो, ती दुकानदार सांगत नाही. पुष्कळ बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो. तो न वापरता चार-पाच वर्षे माळ्यावर पडला तर हवेतील ओलाव्याने आतून कुजतो आणि वरून नवा दिसणारा बूट पहिल्याच चढावर तळ सोडतो. म्हणून कोणाचे जुने बूट मागून आणले तर आधी घरी दोन दिवस घालून चालून पाहावे.

मोज्यांचे तीन जोड पुरेत. तळावर पोचल्यावर पायांना मोकळे करायला साधी रबरी चप्पल न्यावी. हातात काठी असावी. उतारावर गुडघ्यांचा भार ती घेते. तेथे ती विकतही मिळते.

पाठपिशवी बांधण्याची रीत

पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसावे, आणि सवय नसलेल्याने सहाव्या हिश्श्यावर थांबावे. साठ किलोच्या माणसाला हा हिस्सा दहा किलो होतो. तो असा भरतो : रिकामी पिशवी दीड किलो, झोपण्याची पिशवी दीड, अंथरायची चटई अर्धा, कपडे अडीच, पावसाचे कपडे अर्धा, पाणी दोन, खाणे एक, औषधे-विजेरी व किरकोळ अर्धा. बेरीज दहा होते, आणि त्यात लोणच्याची बरणी बसत नाही. घोडा केला असेल तर झोपण्याची पिशवी, चटई आणि जादा कपडे त्यावर जातात. वयस्कांनी तसेच करावे.

पिशवीच्या आत आधी मोठी प्लॅस्टिकची पिशवी अस्तरासारखी घालावी. अगदी तळाशी झोपण्याची पिशवी, कारण ती मुक्कामालाच लागते. जड वस्तू मधोमध आणि पाठीला चिकटून. त्या बाहेरच्या बाजूला गेल्या तर ओझे मागे ओढते. हलके कपडे भोवतीच्या जागेत कोंबावेत. पावसाचा अंगरखा सर्वांत वर. खांद्याच्या पट्ट्यांपेक्षा कमरेचा पट्टा महत्त्वाचा. तो नीट आवळला की बहुतेक भार नितंबांवर येतो आणि खांदे मोकळे राहतात.

अन्न, पाणी आणि औषध

उंचावर पाणी कमी उष्णतेला उकळते. दर तीनशे मीटरांना सुमारे एक अंश, या हिशेबाने चार हजार मीटरांवर ते ८६-८७ अंशांनाच उकळू लागते. तेथे आमचा उकडा तांदूळ तासभर रटरटला तरी दाताखाली कडकच राहतो. प्रेशर कुकर असेल तरच शिजतो. अमरनाथच्या वाटेवर लंगरांतून अन्न मिळते, तेव्हा धान्य नेण्याचे कारणच नाही. इतर वाटांवर पोहे, सातू, रवा असे लवकर होणारे न्यावे. चालताना खायला गूळ, शेंगदाणे, खजूर आणि सुके खोबरे. यांपैकी एक-दोन वस्तू तर आपल्याच परसातल्या. भूक मंदावते, म्हणून दर तासाला थोडे थोडे खावे. दोन-चार आमसुले जवळ असू द्यावीत. तोंडाला चव येते आणि पाणी प्यायले जाते.

पाणी दिवसाला तीन-चार लिटर पोटात गेले पाहिजे. थंडीत तहान लागत नाही, पण जोरजोराने घेतलेल्या श्वासांतून पाणी जातच असते. पोट बिघडल्यास एक लिटर उकळून निवलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे साधे औषध लक्षात ठेवावे. चमचा चहाचा धरावा. दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य समजाव्यात. त्या रात्रीचा श्वास मंद करतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. उंचीचा विकार ओळखायला शिकावे. डोकेदुखी, मळमळ, भूक जाणे, झोप न येणे, फार थकवा ही पहिली खूण. अशा वेळी आणखी वर चढू नये, तेथेच थांबावे. बसल्या जागी धाप लागणे, सारखा खोकला येणे, चाल अडखळणे, बोलण्यात गोंधळ होणे ही धोक्याची खूण. तेव्हा रात्र असो की पाऊस, रोग्याला खाली उतरवावे. प्राणवायू आणि औषधे वेळ मिळवून देतात, खरा उपाय उतरणे हाच. तीन हजार मीटरांच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक वर नेऊ नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. यात्रेच्या ठराविक मुक्कामांत हे नेहमी जमत नाही. म्हणूनच पायथ्याला, उदाहरणार्थ पहलगामला, दोन रात्री काढाव्यात. डायमॉक्स नावाची गोळी काहींना उपयोगी पडते. पण तिचा निर्णय डॉक्टरांनी करावा, विशेषतः सल्फाच्या औषधांचे वावडे असणाऱ्यांच्या बाबतीत. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार असलेल्यांनी आपली रोजची औषधे दोन भागांत विभागून दोन ठिकाणी ठेवावीत, म्हणजे एक पिशवी हरवली तरी दुसरी राहते.

आणि डोके दुखत असेल तर सांगावे. मोठ्यांनी लहानांपासून, बायकांनी पुरुषांपासून दुखणे लपवण्याची आपल्या घरांतील रीत घाटावर सोडून जावी. आमच्या मामांनी ती सोडली असती तर ते शेषनागलाच थांबले असते.

तरुणांसाठी दोन शब्द

पायवाटेने जाणे आणि बर्फाचे शिखर चढणे यांत फरक आहे. दुसऱ्यासाठी दोर, बर्फकुऱ्हाड, बुटांखाली बांधायचे लोखंडी काटे अशी हत्यारे लागतात. ती पैसे टाकून मिळतात. पण घसरत असताना कुऱ्हाड बर्फात कशी रोवावी, हे पैसे टाकून मिळत नाही. तेनसिंग आणि हिलरी २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टवर पोचले, आणि पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट उघडली. १९६५ साली कॅप्टन कोहली यांच्या मोहिमेतील नऊ भारतीय एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले, आणि त्याच साली उत्तरकाशीला नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंगची स्थापना झाली. या संस्थांत सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम असतो, आणि शिकाऊ विद्यार्थ्याला साहित्यही तेथेच मिळते. मग पुण्याच्या गिरिप्रेमीसारख्या संस्थेने २०१२ साली एव्हरेस्टवर आणि २०१९ साली कांचनगंगेवर मराठी तरुण कसे नेले, याचे मर्म कळेल. आधी विद्या, मग हत्यार, हा क्रम उलटा करू नये.

घरची तालीम

तयारी आपल्या दारातच होते. पाठपिशवीत तांदूळ किंवा वाळूच्या पिशव्या भरून पहिल्या आठवड्यात चार किलो, मग सहा, मग दहा असे वाढवीत जावे. पेडणेकरांनी मोरजीच्या मऊ वाळूत चालावे. पोटऱ्या तयार होतात. डिचोलीकरांना चोर्ल्याचा घाट जवळ आहे. जांभ्याच्या सड्यांवरून ऊन वाढण्यापूर्वी दोन तास चालणे हा तर सर्वांनाच सोयीचा व्यायाम. दोन महिने आठवड्यातून चार दिवस एवढे केले तरी पुष्कळ. मात्र याने पाय तयार होतात, विरळ हवेची सवय होत नाही, हे विसरू नये.

आणि पाऊस ही तर आमची मोफत प्रयोगशाळा. मृगाचा पाऊस लागला की भरलेली पाठपिशवी अर्धा तास अंगणात ठेवावी आणि मग सोप्यावर आणून उघडावी. आत जे ओले निघाले ते महागुणसवरही ओलेच निघणार. पावसाचा अंगरखा घालून त्याच सरींत गावाला एक फेरी मारावी. शिवण कोठे गळते हे येथेच कळलेले बरे. शेजारी हसतील, त्यांना हसू द्यावे.

परत आल्यावर

परतताना आपण नेलेला प्रत्येक प्लॅस्टिकचा कागद आपल्याच पिशवीतून परत आणावा. देवाच्या वाटेवर उकिरडा करून पुण्य लागत नाही. घोडेवाले आणि पिठ्ठू यांच्यावर ठरल्याहून अधिक ओझे लादू नये. त्यांच्या अंगावर पुरेसे कपडे आहेत की नाहीत हेही पाहावे. त्यांचा देहही आपल्यासारखाच आहे.

सामान घरी आले की खरी परीक्षा आमच्या पावसाळ्याची. झोपण्याची पिशवी गुंडाळून ठेवली तर तिला बुरशी येते आणि आतला कापूस किंवा पिसे दबून ऊब जाते. ती उन्हात वाळवून, सैल, हवेशीर जागी टांगून ठेवावी.

यावरूनच आमच्या मनात एक विचार आला, तो विश्वस्त मंडळापुढे ठेवून आम्ही थांबतो. झोपण्याची पिशवी, पाठपिशवी, पावसाचा अंगरखा या वस्तू एकेका घराला आयुष्यात दहा-पंधरा दिवसच लागतात, आणि उरलेली वर्षे त्या माळ्यावर कुजतात. आपल्या न्यासाच्या वास्तूत एक कपाट या कामासाठी ठेवता आले, ज्यांनी यात्रा केली त्यांनी आपले साहित्य तेथे दिले, आणि जाणाऱ्याने ते नोंदवून न्यावे, धुऊन-वाळवून परत आणावे अशी व्यवस्था झाली, तर ज्यांना खर्च झेपत नाही अशा सभासदांनाही सुती सदऱ्यावर खिंड चढण्याची पाळी येणार नाही. नोंदवहीची जबाबदारी घ्यायला आम्ही तयार आहोत.

कपाटात घालायला पहिली वस्तू आमच्यापाशी आहे. त्या अनोळखी बाईंची कांबळ परत करायला आम्ही पंचतरणीच्या तळावर त्यांना शोधले, पण त्या पुढे निघून गेल्या होत्या. ती कांबळ आम्ही घरी आणली, दरवर्षी उन्हात घालतो. पुढच्या वर्षी आपल्यातील कोणी त्या वाटेला निघेल, त्याने ती न्यावी. आणि वाटेत कोणी कुडकुडताना दिसला तर मागेपुढे न पाहता त्याच्या अंगावर घालावी.